सिम्पसन्स : इतकी वर्षं झाली, बार्ट अजून चौथीतच!

रविवारचा_आळशी

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेच्या सुरुवातीच्या जुन्या गाण्यात एक गंमत आहे. सुपरमार्केटच्या काउंटरवर सामानाबरोबर तान्ही मॅगीही स्कॅनरवरून सरकते आणि गल्ल्याच्या यंत्रावर क्षणभर आकडा झळकतो : ८४७.६३ डॉलर. त्या काळी अमेरिकेत तान्ह्या बाळाचा महिन्याचा खर्च साधारण एवढा धरत, म्हणून तो आकडा. टीव्हीवर चालू गाण्यात तो वाचायला डोळे फुटायचे, तरी बनवणाऱ्यांनी तो ठेवला.

मालिका सुरू झाली १७ डिसेंबर १९८९ ला. त्याआधी १९८७ पासून ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात छोटे छोटे तुकडे म्हणून हे कुटुंब दिसायचं. मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग, त्याने नावं घरातलीच उचलली. वडील होमर, आई मार्गारेट (मालिकेतली मार्ज), बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःच्या जागी मात्र बार्ट घातला. २०१८ मध्ये 'गनस्मोक' या जुन्या अमेरिकन मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मागे पडला, २०२१ मध्ये सातशेवा भाग झाला, आणि अजून थांबायचं नाव नाही. आमच्या पिढीने ही मालिका स्टार वर्ल्डवर पाहिली, आता घरातली पोरं हॉटस्टारवर बघतात आणि आपणच शोधून काढल्यासारखी आपल्याला सांगतात.

तर प्रश्न असा, की ही टिकली कशी? विनोदी मालिका शेकड्याने आल्या नि गेल्या. माझं मत असं की हे घर ज्या तऱ्हेने हरतं ना, त्यात सगळी मेख आहे. पहिला पूर्ण भागच बघा. नाताळ तोंडावर आलाय. मार्जने साठवलेले पैसे बार्टने हातावर गोंदवून घेतलेलं पुसण्यात जातात. होमरला कारखान्यातून बोनस मिळत नाही. घरी न सांगता तो मॉलमध्ये सांताक्लॉज बनून बसतो, कापाकापी होऊन हातात येतात तेरा डॉलर. ते तो कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो आणि लावतो ते नेमकं शेवटून पहिल्या येणाऱ्या कुत्र्यावर. मालकाने त्या कुत्र्याला हाकलल्यावर बाप-लेक त्यालाच घरी घेऊन येतात. भेटवस्तू एक नाही, आणि घर खूश.

दुसरा नमुना १९९५ चा. बार्ट-लिसा विचारतात, आल्बममध्ये मॅगीचा एकही फोटो कसा नाही? मग होमर गोष्ट सांगतो. कर्ज फिटलं तसा त्याने अणुकेंद्राची नोकरी वाजतगाजत सोडली, आवडीच्या बोलिंगच्या अड्ड्यावर लागला, आणि तेवढ्यात मार्जला पुन्हा दिवस गेले. पगार पुरेना. गेला केंद्राचा मालक बर्न्स याच्या दारात रांगत. बर्न्सने त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकली : विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. शेवटी कळतं की मॅगीचे फोटो घरी नाहीत, ते त्या पाटीवर चिकटवलेत. ते असे लावलेत की काही अक्षरं झाकली जाऊन उरलेल्यांतून 'तिच्यासाठी कर' एवढंच वाचता येतं. नोकरी तीच, साहेब तोच, पाटीही तीच.

तुम्ही काय म्हणता? आणि अजून कोण कोण बघतं?

लिंबाचं_लोणचं

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. एकही भाग पाहिलेला नाही, पण धागा वाचणार.

कोपऱ्यातली_खुर्ची

धागा झकास. पण टिकली आणि जगली यात फरक आहे, मालक. माझ्या लेखी ही मालिका १९९७ च्या आसपास संपली. त्यानंतर जे चाललंय ते श्राद्धपक्ष.

त्या वर्षीचे दोन भाग पुरावा म्हणून देतो. पहिला फ्रँक ग्राइम्सचा. आयुष्यभर हाडं झिजवलेला माणूस, राहायला खोली मिळालीय ती खाली बोलिंगचा अड्डा आणि वरही बोलिंगचा अड्डा अशी. तो होमरच्या घरी येतो. दुमजली घर, बायको, पोरं, जेवायला लॉब्स्टर. तो वेडापिसा होतो : हा मठ्ठ माणूस कामावर झोपतो आणि याला हे सगळं कसं? होमरची नक्कल करता करता उघड्या तारेला हात लावून मरतो. अंत्यविधीला होमर पेंगत असतो, झोपेत बरळतो आणि सगळे हसतात. इतका क्रूर आणि इतका खरा भाग त्यांनी नंतर केला नाही. त्यात मालिकेनेच आपल्या तोंडाने कबूल केलंय की आमचा नायक वास्तवात कोणालाही असह्य होईल.

दुसरा भाग मुख्याध्यापक स्किनरचा. अचानक कळतं की हा खरा स्किनर नव्हेच, तोतया आहे. खरा स्किनर युद्धकैदेतून परत येतो. इतक्या वर्षांचं पात्र एका भागात मोडीत! स्किनरला आवाज देणाऱ्या हॅरी शिअररलाही ती गोष्ट पटली नव्हती आणि त्याने ते जाहीरपणे सांगितलंय.

पुढचा होमर बघा. आधीचा होमर मूर्ख होता, पण त्याला स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटायची. नंतरचा नुसता बेफिकीर आणि उर्मट. मग पाहुणे कलाकार आणून भाग भरायचे. मी नवीन सीझन बघणं केव्हाच सोडलं.

रविवारचा_आळशी

@कोपऱ्यातली_खुर्ची, स्किनरच्या भागाचा शेवट विसरलात. गाव खऱ्या स्किनरला खुर्चीला बांधून आगगाडीवर चढवतं, आणि न्यायाधीश हुकूम काढतो की आजपासून सगळं पहिल्यासारखं, याबद्दल जो बोलेल त्याला यातना. ती चपराक प्रेक्षकांनाच होती. आम्हाला काही बदललेलं नको, तोतया चालेल पण ओळखीचा हवा! तुम्ही त्या भागावर चिडता म्हणजे त्या गावचेच की.

आणि "आता पहिल्यासारखं राहिलं नाही" हे रडगाणं मालिकेइतकंच जुनं आहे. ती चांगली होती तेव्हा लोक तिच्या नावाने बोटं मोडत. बार्टच्या उद्धट टी-शर्टांवर काही शाळांनी बंदी घातली. थोरल्या बुश साहेबांनी जानेवारी १९९२ मध्ये भाषणात सांगितलं की अमेरिकन कुटुंबं 'वॉल्टन्स'सारखी हवीत, सिम्पसन्ससारखी नकोत. 'वॉल्टन्स' म्हणजे महामंदीच्या काळातल्या गुणी कुटुंबाची मालिका. तीनच दिवसांत एका भागाच्या सुरुवातीला बार्टने उत्तर दिलं : आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपायची प्रार्थना करतोय.

आगाऊ_बाई

होमर, बार्ट, होमर, बार्ट. मार्जबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. नेहमीप्रमाणे.

तिसऱ्या सीझनचा एक भाग सांगते. १९९२ चा. सकाळपासून मार्ज धावतेय. डबे, शाळा, कपडे, दुकानं. गाडीत मागे मॅगी. मागून एक ट्रकवाला अंगावर येतोय. मॅगीची दुधाची बाटली अंगावर सांडते. आणि मार्ज पुलाच्या मधोमध गाडी थांबवते. बस्स. काचा वर. दोन्ही बाजूंनी वाहतूक ठप्प. नवऱ्याला बोलावतात, पोलीस येतात, ती जागची हलत नाही. शेवटी अटक होते, पण महापौर क्विम्बी तिला सोडायला लावतो, कारण बायकांची मतं जातील!

मग ती एकटी विश्रांतीला जाते आणि घरी होमरच्या हातून मॅगी हरवते. पोर आईला शोधायला घराबाहेर पडलेली असते.

माझ्या मते ही मालिका ज्यांनी लिहिली त्यांनी त्या दिवशी एखाद्या खऱ्या बाईचं ऐकलं असणार. पुलावर गाडी थांबवावी असं कधी वाटलंच नाही अशी एक तरी गृहिणी दाखवा. तिचा तो घशातल्या घशात घुमणारा 'हंऽऽ' आहे ना, ज्युली कॅव्हनरने काढलेला, तो मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलाय, आईच्या तोंडून ऐकलाय आणि हल्ली माझ्याही निघतो.

घर हरतं आणि तरी एकत्र बसतं, हे तुमचं म्हणणं मान्य. सोफ्यावर बसायच्या आधी तो झाडतं कोण, तेवढं सांगा.

लिंबाचं_लोणचं

@आगाऊ_बाई +१००. हा भाग आज रात्रीच बघते.

पार्सिपनीची_काकू

बराच विचार करून लिहितेय. अपूबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

अपू नाहासापीमापेटिलॉन. गावातल्या क्विक-ई-मार्ट या दुकानाचा मालक. अपू हे नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेलं, आडनाव मात्र एका लेखकाच्या शाळासोबत्याच्या नावावरून बेतलेलं. आवाज हँक अझारियाचा, म्हणजे गोऱ्या माणसाने काढलेले भारतीय हेल. आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा अमेरिकन टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारा भारतीय हा एवढाच. थोरल्याला शाळेत दोन वर्षं अपूचं 'थँक यू, कम अगेन' ऐकावं लागलं. त्याच्या बापाचं दुकान नव्हतं, तो प्रयोगशाळेत नोकरीला होता, पण पोरांना काय त्याचं. शिक्षिकेला सांगितलं तर म्हणाल्या, अहो, मुलं कार्टून बघतात, सोडून द्या. मुलाने डब्यात पोळीभाजी न्यायचं बंद केलं ते त्याच वर्षी.

म्हणून २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू यांनी अपूवर माहितीपट काढला तेव्हा आमच्याकडे तो सगळ्यांनी बसून पाहिला. मालिकेचं पहिलं उत्तर मला फार लागलं. एप्रिल २०१८ च्या एका भागात लिसा कॅमेऱ्याकडे बघून म्हणते की पूर्वी ज्याला टाळ्या मिळाल्या ते आता चालत नाही, काय करणार? शेजारी अपूचा फोटो. हे वाक्य त्यांनी लिसाच्या तोंडी घातलं! आठ वर्षांची, सगळ्या गावात एकटी न्यायाची बाजू घेणारी पोर. बर्न्सच्या तोंडी घातलं असतं तर मी हसले असते. अझारिया मात्र विचार करत राहिला. जानेवारी २०२० मध्ये त्याने अपूचा आवाज सोडला, पुढे जाहीर माफीही मागितली. जून २०२० मध्ये मालिकेनेही ठरवलं की गौरेतर पात्रांना गोऱ्या नटांचे आवाज नकोत. अपू आता गर्दीत उभा दिसतो, बोलत नाही.

पण मला अजून एक सांगायचंय. याच मालिकेने १९९६ मध्ये जो भाग केला तसा परदेशस्थांवर दुसऱ्या कोणी केलेला मला माहीत नाही. गावात एक अस्वल शिरतं. लोक ओरडतात म्हणून अस्वलांवर पहारा बसतो, पहाऱ्यासाठी कर बसतो, लोक करावर ओरडतात, आणि महापौर सांगून टाकतो की कर वाढला तो बेकायदा परदेशी लोकांमुळे. झालं! गाव अपूच्या मागे. अपूचा व्हिसा संपलेला. तो खोटी कागदपत्रं करतो, काऊबॉयची टोपी घालतो, अमेरिकन हेल काढतो. मग त्याला ते सहन होत नाही. सगळं टाकून तो सरळ नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतो. अमेरिकेचं यादवी युद्ध कशामुळे झालं, या प्रश्नावर तो आर्थिक, सामाजिक कारणं उलगडायला लागतो. परीक्षक वैतागून म्हणतो, नुसतं गुलामगिरी म्हणा. आम्ही दोघांनी ती परीक्षा दिली तेव्हा तयारी करताना हे आठवून हसलो होतो.

तर सांगा, या मालिकेचं मी काय करू? मुलाच्या डब्यातली पोळी तिने घालवली आणि आमची बाजूही तिनेच मांडली.

सडेतोड

काकू, आदर ठेवून सांगतो, फार मनाला लावून घेताय. त्या मालिकेत स्कॉटिश विली आहे, इटालियन गुंड आहेत, पोलीस डोनट खाणारे, पाद्री कंटाळवाणे. सगळ्यांचीच टर उडवलीय. अपू तर गावातला सगळ्यात कष्टाळू माणूस. संगणकशास्त्रात डॉक्टरेट आहे त्याची. असा विचार केला तर उद्या विनोद करायलाच नको.

पार्सिपनीची_काकू

@सडेतोड, विलीच्या जोडीला टीव्हीवर इतर शंभर स्कॉटिश माणसं होती हो. माझ्या मुलाच्या वर्गाला भारतीय म्हणून एकच माहीत होता. बंद करा असं मी म्हटलेलंच नाही, आम्ही अजून बघतो. पण होमर गणपतीचा वेश करून अपूचं लग्न मोडायला येतो तो भाग माझ्या सासऱ्यांसमोर लावून दाखवा आणि मग सांगा मनाला लावून घेऊ नका म्हणून.

डबा_ऐसपैस

काकू, प्रतिसाद फार आवडला. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे या संस्थळावर कमी वेळा वाचायला मिळतं.

जरा आपल्याकडेही बघू या. आपल्या नाटकांत 'अय्यय्यो' करणारा लुंगीवाला अण्णा किती वर्षं हशे घेत होता? दूधवाला भैया, 'व्याजावर व्याज' करणारा मारवाडी, तोतरा गुरखा. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या तमिळ पोरांना वर्गात काय ऐकावं लागलं असेल, याचा धागा आपण कधी काढला? अपूवर आपण चिडतो ते बरोबरच आहे. पण तो अमेरिकेतला अण्णाच आहे.

अवांतर : २००६ च्या एका भागात अख्खं अणुकेंद्र बंगळुरूला आउटसोर्स होतं आणि होमर तिकडे जाऊन देव होऊन बसतो. मी तेव्हा हिंजवडीत रात्रपाळीला होतो. आमच्या टीमने तो डाउनलोड करून कँटीनमध्ये पाहिला. सगळे पोट धरधरून हसले, कारण हसं होतं ते कामगारांना हक्क आणि सुट्ट्या देऊन टाकणाऱ्या होमरचं आणि ते बघून हबकलेल्या साहेबांचं.

गणू_गणिते

वातावरण तापलंय म्हणून थोडं गणित सांगतो.

१९९८ च्या एका भागात होमरला एडिसनसारखं संशोधक व्हायचं असतं. तो फळ्यावर काहीबाही खरडतो. त्यात एक ओळ अशी : ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. शाळेतल्या साध्या दहा आकडी कॅल्क्युलेटरवर डावी बाजू करून तिचं बारावं मूळ काढा. येतं ४४७२! म्हणजे दोनपेक्षा मोठ्या घातांना पूर्ण संख्यांत अशी बेरीज जमतच नाही, हा फर्माचा सिद्धान्त खोटा? अँड्र्यू वाइल्सने तर तो तेव्हा नुकताच सिद्ध केला होता.

कॅल्क्युलेटर ठेवा बाजूला. तीनची कसोटी लावा, पाचवी-सहावीत शिकलेली. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ ची १८. दोघांना तीनने भाग जातो, म्हणजे डाव्या बाजूला जातो. ४४७२ ची बेरीज १७. नाही जात. संपलं. दोन्ही बाजू समान असणं शक्यच नाही. फरक इतका सूक्ष्म आहे की कॅल्क्युलेटरच्या आकड्यांत तो मावत नाही.

ही जोडी शोधायला डेव्हिड कोहेन या लेखकाने खास संगणक प्रोग्रॅम लिहिला होता. लेखकांच्या खोलीत हार्वर्डचे गणिती बरेच होते. सायमन सिंग यांनी या मालिकेतल्या गणितावर २०१३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय. फळा पडद्यावर किती वेळ दिसतो? काही सेकंद.

धागाकर्त्याने मॅगीचा आकडा सांगितला तो याच जातकुळीतला. बघणारा हुशार आहे असं धरून लिहिलेलं. बापाला एक विनोद, पोराला दुसरा आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्याला तिसरा.

कोपऱ्यातली_खुर्ची

@गणू, तीनची कसोटी भारी! हा भागही दहाव्या सीझनचा, म्हणजे माझ्या रेषेच्या पलीकडचा. नोंद घेतली. मत कायम.

टोकियोहून

सगळे सिम्पसन्सला आजोबा समजून बोलताय म्हणून पणजी दाखवतो.

जपानमध्ये 'साझाए-सान' नावाची कार्टून मालिका फुजी टीव्हीवर ऑक्टोबर १९६९ पासून चालू आहे. हो, १९६९. सर्वांत जास्त काळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनेसमध्ये नोंद हिचीच. मूळची ती माचिको हासेगावा या बाईंची वर्तमानपत्रातली चित्रमालिका, युद्ध संपल्या संपल्या १९४६ मध्ये सुरू झालेली. दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. साझाए ही धांदरट, हसरी थोरली लेक. आई-बाप, धाकटी भावंडं, नवरा आणि लहान मुलगा असे सगळे एका छताखाली. नवरा मासुओ सासुरवाडीत राहतो, आडनाव स्वतःचं ठेवून. म्हणजे आपला घरजावईच, आणि कोणी त्याला टोमणे मारत नाही! नावं सगळी समुद्रातली. साझाए म्हणजे शंखातला जीव, कात्सुओ म्हणजे बोनिटो मासा, वाकामे म्हणजे समुद्री शेवाळ.

गोष्टी काय? भावाने परीक्षेचा पेपर लपवला. बाबा छत्री विसरले. बस. सिम्पसन्समध्ये जी धार आहे तिचा इथे मागमूस नाही. तरी चालते, पिढ्यान् पिढ्या. घरात अजून जुना फोन, मोबाइल नाही. इथे 'साझाए-सान सिंड्रोम' असं लोक गमतीने म्हणतात. मालिकेचं शेवटचं गाणं वाजलं की रविवार संपला, उद्या ऑफिस, आणि पोटात गोळा. माझ्या ऑफिसातला पन्नाशीचा साहेबही हे हसत कबूल करतो.

मला वाटतं धार, गणित, राजकारण हे सगळं वरचं. लोकांना आठवड्यातून एकदा ते ठरावीक घर जागेवर आहे ना, एवढं बघायचं असतं. साझाएचा आवाज पहिल्या दिवसापासून मिदोरी कातो याच बाई देतात. त्यांचं वय वाढलं, साझाए चोविशीतच.

विंगेतला_प्रॉम्प्टर

@टोकियोहून, आवाजाचा मुद्दा महत्त्वाचा. चित्र म्हातारं होत नाही, गळा होतो. नवे भाग आणि १९९२ चा भाग लागोपाठ ऐका, मार्जचा आवाज किती खरखरीत झालाय ते लगेच कळतं. बार्टचा आवाज नॅन्सी कार्टराइट या बाई देतात, त्या गेल्या होत्या लिसाची चाचणी द्यायला. बार्टचं वर्णन वाचून म्हणाल्या, मला हा करू द्या.

आणि कोणी गेलं की काही वेळा जागा रिकामी ठेवतात. फिल हार्टमन १९९८ मध्ये गेले, त्यांची ट्रॉय मॅक्लुअर आणि वकील हट्झ ही पात्रं पुन्हा बोलली नाहीत. बार्टच्या बाई, मिसेस क्रबापल, त्यांना आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस २०१३ मध्ये गेल्या. त्या वेळी बार्टने फळ्यावर एकच ओळ लिहिली, तुमची खूप आठवण येईल अशी. एरवी शिक्षा म्हणून तो एखादी ओळ पुन्हा पुन्हा लिहितो. काळ थांबलेल्या गावात मरण आलं ते या वाटेने.

आगाऊ_बाई

@प्रॉम्प्टर, रडवलंत.

जेन_झी_भाचा

काका-काकूंनो, आमच्याकडे सिम्पसन्स म्हणजे मीम. होमर मागे मागे सरकत कुंपणाच्या झुडपात गायब होतो ते मी भागच न बघता वर्षानुवर्षं वापरलंय. १९९४ चं आहे ते! म्हणजे माझ्या जन्माआधीचं.

आणि भविष्यवाण्या! आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला येतं, सिम्पसन्सने हेही आधीच दाखवलं होतं. बहुतेक चित्रं खोटी असतात, घटना घडल्यावर कोणीतरी बनवलेली. खरी दोन सांगतो. २००० च्या भागात लिसा राष्ट्राध्यक्ष होते आणि म्हणते की ट्रम्प खजिना रिकामा करून गेले. आणि १९९८ मध्ये फॉक्सच्या पाटीखाली 'डिस्नीची शाखा' असा विनोद होता, २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्सचा तो सगळा कारभार खरंच घेतला. साडेसातशेच्या वर भागांत इतके विनोद केल्यावर काही खरे होणारच ना. मावशीला पटत नाही.

मला खरं परग्रहावरचं वाटतं ते त्यांचं घर. एकट्या बापाचा पगार, तोही बारावीछाप, आणि दोन मजली घर, दोन गाड्या, तीन मुलं. फ्रँक ग्राइम्स मला खलनायक वाटलाच नाही, तो माझ्या वयाचा वाटला.

कोपऱ्यातली_खुर्ची

@भाचा, हे नेमकं बोललास. सुरुवातीला होमर-मार्ज १९७४ मध्ये कॉलेजआधीच्या शाळेत भेटतात. २००८ च्या एका भागात तेच दोघे नव्वदच्या दशकात तरुण दाखवले. वयं तीच ठेवायची म्हणून भूतकाळ पुढे सरकवत न्यायचा. पण घर १९८९ चंच राहिलं. तेव्हा ते साधं होतं, आता ते स्वप्न झालं. पात्रं न बदलल्यामुळेच बदललेलं जग दिसतं. हे श्रेय मी मालिकेला देतो. नवे सीझन तरीही बघणार नाही.

वडाळ्याचा_विसू

इतके प्रतिसाद झाले आणि मोनोरेल नाही? १९९३ चा भाग, कॉनन ओब्रायनने लिहिलेला. गावाकडे अचानक पैसा येतो. रस्ते दुरुस्त करू म्हणते मार्ज. तेवढ्यात एक गोडबोल्या येतो, गाणं म्हणतो आणि गावाला मोनोरेल विकून जातो. कशाला हवीय, कुठून कुठे जाणार, कोणी विचारत नाही. चालक म्हणून नेमतात होमरला.

आमच्या वडाळ्यात २०१४ मध्ये मोनोरेल आली तेव्हा मी हा भाग बिल्डिंगमधल्या सगळ्यांना दाखवला. समोरून रिकामे डबे गेले की आमच्या गच्चीवर ते गाणं व्हायचं. २०२५ च्या पावसात तुडुंब भरलेली गाडी मधेच अडकली, त्यानंतर सेवाच थांबवली. भविष्यवाणीत हिची गणना करा रे, भाच्याला सांगा.

जेन_झी_भाचा

😂😂 आत्ता फॅमिली ग्रुपवर टाकतो.

लिंबाचं_लोणचं

मार्जचा पुलावरचा भाग पाहिला. नवऱ्यालाही बसवलं. तो गप्प होता, मग उठून भांडी घासली (काल). आता पुढे काय बघू? सहावीतली मुलगी पण बसणार आहे.

रविवारचा_आळशी

क्रमाने बघू नका, पहिल्या सीझनची चित्रं वेडीवाकडी आहेत, मुलगी उठून जाईल. दुसऱ्यातला लिसाच्या बदली शिक्षकाचा भाग लावा. त्या सरांना आवाज डस्टिन हॉफमनने दिलाय, नाव बदलून. सर गाव सोडून जातात, होमरला पोरीचं दुःख कळत नाही, ती त्याला तोंडावर 'बबून' म्हणते. मग तो तिच्या खोलीत जातो. समजूत घालायला शब्द नाहीत, म्हणून खरोखर माकडचेष्टा करून दाखवतो.

मग चौथ्या सीझनमधला विसूचा मोनोरेल. त्याच सीझनचा संपाचा भाग, लिसाच्या दातांच्या तारांसाठी होमर कामगारांचा पुढारी होतो तो. सातव्यातला लिसा शाकाहारी होते तो, त्यात अपू तिला गच्चीवर बीटल्सवाले पॉल मॅकार्टनी आणि त्यांची पत्नी लिंडा यांना भेटवतो. मॅकार्टनींची अट होती की लिसाने नंतरही शाकाहारीच राहायचं. ती अट त्यांनी आजवर पाळलीय. पार्सिपनीच्या काकूंचा अस्वलाचा भागही त्याच सीझनचा.

ग्राइम्सचा भाग तूर्त ठेवा बाजूला. मुलगी नोकरीला लागली की दाखवा.